अलोणी साहेबांच्या स्कूटरचं मिक्शर

"थोडा थोडा घास दे, बापा. जास्त देशीन त जातं गुदमरते, कमी देशीन त दगडावर दगड घासते. हाताकडं पाहू नको, कान दे. जातंच सांगते त्याले काय पायजे थे."

हा आवाज जैबुनबीचा. बावन्न वर्षांपूर्वीचा, मारेगावातल्या मातीच्या घरातला, सकाळचा. एरवी हिंदी बोलणारी ही बाई जात्यावर बसली की वऱ्हाडीत बोलायची आणि वऱ्हाडीतच गायची. का, ते तिला कोणी विचारलं नाही. एक हात खुंट्यावर, एक हात ज्वारीच्या सुपात, आणि ओठांवर तिचं तिनंच जुळवलेलं काहीबाही:

मुठी मुठी घाल दाणा, सई नको करू घाई
दगडाच्या गं पोटात, मायेचा ठाव नाई

जैबुनबीला जाऊन आता वीस वर्षं झाली. तिच्या मुलानं, सरदारनं, वणीत गाड्या दुरुस्तीचं दुकान टाकलं. कार्बोरेटर ही वस्तू त्याला नागपूरच्या एका उस्तादानं शिकवली, पण समजली ती आईच्या आवाजातून. पेट्रोल जास्त झालं की इंजिन गुदमरतं, धूर ओकतं, प्लगवर काजळी धरते. कमी झालं की तापतं, आतल्या आत घासलं जातं. या दोहोंच्या मधात एक बारीक जागा असते. तिथं इंजिन एका लयीत बोलू लागतं. ती जागा शोधणं हा सरदारचा धंदा. पेट्रोल आणि हवेच्या या मेळाला लोक मिक्शर म्हणतात. 'मिक्शर सरदारच्याच हातचं' असं वणी, मारेगाव, झरी-जामणी या तिन्ही तालुक्यांत बोललं जायचं.

दुकान चंद्रपूर रोडवर, पत्र्याचं. समोरून दिवसभर कोळशाचे ट्रक. नव्या गाड्यांना कार्बोरेटर नसतो. त्यांच्यासाठी फिजा होती, सरदारची मुलगी. आयटीआय करून तीन वर्षांपासून ती दुकानात बसत होती. गाडीला वायर लावून लॅपटॉपवर बिघाड वाचणं तिचं, आणि जुन्या स्कूटरी, मोपेड, फवारणीचे पंप, गवत कापायच्या मशिनी सरदारच्या. जंगलातल्या गावांतून लोक नुसता कार्बोरेटर पिशवीत घालून एसटीनं आणायचे.

गाडी पुढ्यात आली की सरदार आधी मालकाचं नाव विचारत नसे. "कोणत्या गावची हवा?" असं विचारायचा. वणीची असली तर हवेत कोळसा. महिन्याभरात फिल्टर काळा होतो, हवा कमी पोचते, म्हणून पेट्रोलही कमी, कार्बोरेटरचा स्क्रू पाव फेरा आत. झरीकडची असली तर हवा मोकळी, तिथं पाव फेरा बाहेर. यवतमाळची असली तर म्हणायचा, "मधातच राहू दे." हे कोण्या पुस्तकात लिहिलेलं नाही. आधी स्क्रू अगदी हलक्या हातानं पूर्ण आत बसवायचा, मग दीड फेरा बाहेर आणायचा, मग गावाप्रमाणे पाव फेरा इकडं नाहीतर तिकडं. त्यानंतर डोळे मिटायचे. फिजानं हे सगळं पाहून पाहून उचललं होतं. सरदारनं तिला कधी शिकवायला म्हणून बसवलं नाही.

श्रीकृष्ण अलोणी हे त्याचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. भूमी अभिलेखच्या ऑफिसात मोजणीदार होते. आता चौऱ्याहत्तरीचे. त्यांची फिकट निळी स्कूटर एक्क्याण्णव सालची. तिच्या मागं मोजणीची साखळी बांधून त्यांनी झरी-जामणीतला एकेक धुरा, शेताशेताचा बांध, पालथा घातला होता. कोणत्या कोलाम पोडावर, म्हणजे वस्तीवर, कोणाच्या शेताची हद्द कोणत्या मोहाच्या झाडापाशी वळते, हे त्यांना नकाशा न उघडता सांगता यायचं. रविवारी सकाळी ते दुकानात यायचे. काम असो नसो.

"सरदार, हिच्या पोटात दुखतंय आज."

"तुमच्या पोटात दुखत असन, साहेब. गाडी त मजेत हाय."

"तुला ऐकू येत नाही. नीट ऐक."

"वहिनीनं सकाळी काय वाढलं थे सांगा आधी. मंग ऐकतो."

तीस वर्षं हे असंच चाललं होतं.

कार्तिकात एका दुपारी अलोणी साहेब स्कूटर घेऊन आले. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. चंद्रपूर रोडवर गाडी मधोमध बंद पडली, म्हणाले. सरदारनं बाजूचं झाकण काढलं, प्लग काढून पाहिला. चहाच्या रंगाचा होता, जसा हवा तसा. किक मारली. पहिल्या किकला इंजिन बोललं.

"हिले काईच नाई झालं, साहेब."

"झालं होतं," अलोणी साहेब म्हणाले आणि दुसरीकडं पाहू लागले.

तिसऱ्या दिवशी त्यांची बायको, रत्नप्रभाबाई, ऑटोनं दुकानात आल्या. शाळेत गणित शिकवलेल्या बाई, बोलणं मोजकं. फिजा पार्ट आणायला बाजारात गेली होती. रत्नप्रभाबाईंनी स्टुलावर बसायला नकार दिला.

"सरदारभाई, मी आले होते हे यांना कळता कामा नये."

"नाई कळणार."

"परवा गाडी बंद पडली नव्हती."

"मले मालूम हाय. मी पाह्यली ना."

"तुमच्याकडं येण्याआधी ज्या ट्रकवाल्यानं यांना गाडीसकट घरी आणून सोडलं, त्यानं मला फाटकाशी सांगितलं. गाडी चालू होती. हे हँडल धरून रस्त्याच्या मधोमध उभे, मागं कोळशाचे ट्रक लागलेले. हा खाली उतरून म्हणाला, बाबूजी, कहाँ जाना है? तर हे म्हणाले, तेच आठवून राहिलो."

सरदारनं हातातलं फडकं खाली ठेवलं.

"यवतमाळच्या डॉक्टरनं उन्हाळ्यातच सांगितलंय, ही सुरुवात आहे, गाडी चालवू देऊ नका. डॉक्टरसमोर मान हलवतात. एकदा मी किल्ली लपवली, तर दोन दिवस जेवले नाहीत. मला नजरकैद केली म्हणाले. मुलगा म्हणून मंदार पुण्याहून फोनवर बोलला, तर त्याच्याशी महिनाभर बोलणं बंद. आठवत नाही, हे शब्द ते तोंडातून काढणार नाहीत. माझ्यापाशीसुद्धा नाही काढले. गाडीनं दगा दिला एवढंच म्हणतात. तर मग, सरदारभाई, गाडीलाच दगा देऊ द्या."

समोरून एक ट्रक गेला, दुसरा गेला. पत्रा थरथरायचा थांबला तेव्हा सरदार म्हणाला, "तुमी मले गाडी बिघडवायले सांगून राह्यल्या, वहिनी."

"हो."

"बत्तीस वर्षं झाले दुकानाले. बिघडवून म्हणून एकबी गाडी मी बाहेर नाई जाऊ देल्ली."

"ठाऊक आहे. म्हणून तर तुमच्याकडं आले. दुसरा कोणी वायर तोडेल, आणि हे पाच मिनिटांत पकडतील. तुम्ही असं करू शकाल की गाडीला इजा होणार नाही आणि यांनाही कळणार नाही. चार-सहा महिने कंटाळतील, मग आपणहून सोडतील." मग त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "तुमचं नाव खराब होईल, तेही मला कळतं."

"नावाचं काय घेऊन बसल्या, वहिनी," सरदार म्हणाला. पण म्हणताना त्यानं पत्र्यावर रंगवलेल्या स्वतःच्या नावाकडं एकदा पाहिलं.

"आणि फिजालाही नको. पोर मायाळू आहे. यांच्याकडं वेगळ्या नजरेनं पाहील, आणि तशी नजर यांना लगेच ओळखू येते."

सरदारनं मान हलवली. बाई ऑटोत बसून गेल्या.

पुढच्या रविवारी अलोणी साहेब आले. त्यांनी नेहमीसारखी तक्रार केली, सरदारनं नेहमीसारखं उत्तर दिलं, आणि झाकण उघडलं. पेट्रोल कमी करून भागणार नव्हतं. इंजिन तापून पिस्टन धरला असता, जागीच अडकला असता, कदाचित भर रस्त्यात. म्हणून जास्त करायचं. मागच्या रबरी बुचाआड तो स्क्रू होता. सरदारनं तो पूर्ण आत बसवला आणि बाहेर काढायला लागला. एक. सव्वा. इथं हात थांबला. इतकी वर्षं तो इथंच थांबत आला होता. त्यानं बोटांना पुढं ढकललं. दोन. तीन. सव्वातीन.

इंजिन तोंडात घास कोंबून बोलणाऱ्या माणसासारखं बोलू लागलं. हँडल पिळलं की चालायचं, सोडलं की गचके खायचं.

"झालं?" अलोणी साहेबांनी विचारलं.

"झालं, साहेब."

साहेब गेले आणि वीस मिनिटांत गाडी ढकलत परत आले. टिळक चौकातच बंद पडली होती. सरदारनं नवा प्लग लावला, स्क्रूला हात लावल्यासारखं केलं. बुधवारी साहेब पुन्हा गाडी ढकलत आले. त्यापुढच्या सोमवारी पुन्हा. मधल्या दिवसांत ते पायी बाजारात जाताना दिसायचे, कधी ऑटोत. रत्नप्रभाबाईंचा फोन आला नाही, येणारही नव्हता. काम ठरल्याप्रमाणे चाललं होतं.

फक्त अलोणी साहेब गप्प बसणाऱ्यांपैकी नव्हते. दुकानासमोर किसनरावांची चहाची टपरी. तिथं बसून ते मोठ्यानं सांगायचे, "सरदारचा हात गेला, किसनराव. माणूस चांगला आहे, पण हात गेला." हे ते रागानं म्हणत नसत. मोजणीत एखाद्या शेताची हद्द सरकलेली सापडावी, तशा सुरात म्हणत.

किसनरावांना विषय मिळाला. चहाचा ग्लास पुढ्यात ठेवताना ते म्हणायचे, "का हो सरदारभाई, आता चष्मा बदलता का कान?"

"तुमचा चहा बदला आधी. बत्तीस वर्षं झाले, साखर नाई समजली तुमाले."

टपरीवरचे लोक हसायचे. सरदारही हसायचा. पण मुकुटबनचा एक पंपवाला कार्बोरेटरची पिशवी घेऊन उतरला आणि दुकानाकडं न येता सरळ पुढं धम्मरत्नच्या गॅरेजात गेला, हे त्यानं पाहिलं. दुसऱ्या आठवड्यात आणखी दोघे गेले. धम्मरत्न भला माणूस, तो येऊन म्हणाला, "सरदारभाई, मी बोलावलं नाई हो कोणाले." सरदार म्हणाला, "मी कुठं काई म्हणून राह्यलो?" एका वाक्यात सगळं सांगता आलं असतं. ते वाक्य तो रोज गिळायचा.

फिजा पाहत होती.

"अब्बा, काकाजींच्या गाडीचा प्लग पाह्यला का? नुसती काजळी हाय."

"जुनी गाडी हाय."

"जुनी त मागच्या महिन्यातबी होती."

सरदार उठून हात धुवायला गेला. साबणाचं पाणी काळं होऊन नालीत उतरलं. फिजानं पुन्हा विचारलं नाही. पण तिला आता रात्रंदिवस एकच शंका खाऊ लागली. अब्बा दुकानाची किल्ली घरी विसरले, तरी तिला ते आठवायचं. एका गिऱ्हाइकाला त्यांनी वामनराव ऐवजी नानाजी म्हटलं, तेही तिनं मनात टिपून ठेवलं.

मार्गशीर्षातला एक शुक्रवार. सरदार जुम्म्याच्या नमाजला गेला होता. दुपारचं ऊन थंडीनं मवाळ, हवा कोरडी. अलोणी साहेब गाडी ढकलत दुकानाच्या उंबऱ्याशी आले आणि स्टुलावर बसून राहिले. त्यांना धाप लागली होती. फिजानं पाणी दिलं.

"बाप कुठंय तुझा?"

"नमाजला गेले. येतीन अर्ध्या तासात."

"येऊन काय करणार आहे तो?" ते म्हणाले. "हात गेला गं त्याचा. मला वाईट वाटतं. पण गेला."

फिजानं झाकण काढलं, रबरी बूच काढलं, आणि स्क्रू किती बाहेर आहे ते पाहायला तो मोजत मोजत आत फिरवू लागली. एक, दोन, तीन, आणि वर पाव. तिचा हात तिथंच राहिला. पाव फेऱ्याची चूक कोणाचीही होते. अर्ध्याची एखाद्या वाईट दिवशी होते. दोन फेऱ्यांची चूक हाताची नसते. माणूस विसरतो तेव्हाच ती होते. अब्बा विसरायला लागले, तिनं मनाशी म्हटलं, आणि तिच्या डोळ्यांपुढं ते सगळं एका रेषेत उभं राहिलं: ती किल्ली, ते चुकलेलं नाव, हा स्क्रू.

लोकांना कळायच्या आत आपण झाकलं पाहिजे, असं तिला वाटलं.

"काकाजी," ती म्हणाली, "हे अब्बांनीच सांगतलं होतं कराले. सकाळीच सांगून गेले, साहेब आले त असं असं कर म्हणून." मग सवयीनं तिनं विचारलं, "कोणत्या गावची हवा?"

अलोणी साहेब क्षणभर रस्त्याकडं पाहत राहिले. "झरीची," ते म्हणाले.

फिजा हसली. साहेब वणीत राहतात हे तिला माहीत होतं. त्यांना मस्करी करायची आहे असं तिला वाटलं. पण गिऱ्हाइकाचा शब्द म्हणून तिनं झरीची हवा धरली. दीड, आणि पाव बाहेर. नवा प्लग लावला, फिल्टर झटकला, किक मारली. डोळे मिटले. स्क्रू केसभर आत, केसभर बाहेर. मग हात काढून घेतला.

इंजिन एका लयीत बोलू लागलं. महिन्याभरानंतर पहिल्यांदा.

अलोणी साहेब उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला. "अरे वा," ते म्हणाले. "अरे वा, बेटा. सांग बापाला तुझ्या. सांग त्याला, सापडलं म्हणावं." ते गाडीवर बसले. गिअर पडला. किसनरावांच्या टपरीसमोरून जाताना त्यांनी हात वर केला आणि किसनरावांनीही केला.

सरदार नमाजहून आला तेव्हा त्याच्या डोक्यावर टोपी तशीच होती. फिजानं बेतानं, जपून सांगितलं, म्हाताऱ्या माणसाला सांगावं तसं. "अब्बा, काकाजी आलते. थोडंसं राह्यलं होतं, मी करून देल्लं. काई मोठं नोतं."

"किती ठेवलं?"

"झरीचं. थेच म्हणाले, झरीची हवा."

सरदारनं टोपी काढली, आणि काढून हातातच धरली. "कोणत्या बाजूनं गेले?"

"मुकुटबन रोडनं. काहून?"

"त्यायले रस्ता नाई आठवत, बेटा." तो हळूच म्हणाला. "गाडी मीच बिघडवून ठेवलती. वहिनीनं सांगतलं होतं."

फिजाचे हात तेलाचे होते, तेच तिनं तोंडावर ठेवले. "मले वाटलं, तुमीच..."

"मी काय?"

"काई नाई. बसा मागं, मी चालवतो." घाईत ती लहानपणीसारखी मुलग्याच्या वळणानं बोलली.

अलोणी साहेबांचा फोन नेहमी घरी टीव्हीजवळ पडलेला असायचा, त्यामुळं फोन करून उपयोग नव्हता. रत्नप्रभाबाईंना फोन लावायला सरदारनं एकदा खिशात हात घातला आणि तसाच बाहेर काढला. आधी माणूस सापडू दे. फिजानं आपली गाडी काढली. दुकान उघडंच राहिलं; किसनराव टपरी सोडून येऊन उंबऱ्यावर बसले, आणि या वेळी त्यांनी काही विचारलं नाही.

मुकुटबनच्या रस्त्याला दोन्ही अंगांनी कापूस फुटला होता. वेचणाऱ्या बाया ओळीनं वाकलेल्या, कमरेला ओट्या भरलेल्या. कापसाचे टेम्पो समोरून येत होते, त्यांच्या जाळीतून पांढरे पुंजके उडून रस्त्यावर लोळत होते. सरदार प्रत्येक ट्रकच्या आधी चाकांखाली पाहायचा, मग पुढं रस्त्यावर. प्रत्येक नालीत पाहायचा. एका वळणावर निळं काहीतरी दिसलं. ती पाण्याची टाकी होती. फिजाच्या मानेच्या शिरा ताणलेल्या त्याला मागून दिसत होत्या. तिनं चांगलं काम केलं होतं, त्याच्या स्वतःच्या तोडीचं, आणि आज तिला ते सांगता येत नव्हतं.

मुकुटबन गेलं. जंगल सुरू झालं. रस्ता दोन ठिकाणी फुटतो तिथं, फाट्याच्या अलीकडं, सरदारनं फिजाच्या खांद्यावर हात ठेवला.

"गाडी बंद कर."

तिनं बंद केली. झाडांतून वारा येत होता. त्या वाऱ्याच्या खाली, सावकाश, न अडखळता, एक इंजिन चालू होतं. सरदारनं डोळे मिटले. दीड, आणि पाव. काळजी होतीच, तरी त्याच्या कानानं मनाशी म्हटलं, बरोबर आहे.

वळणापलीकडं स्कूटर स्टँडवर उभी होती. तिच्या बाजूला अलोणी साहेब, एक हात सीटवर. ऊन त्यांच्या पायांपर्यंत आलं होतं. सागाच्या सावलीत एक कोलाम बाई एसटीची वाट पाहत बसली होती, पुढ्यात टोपलं. सरदार आणि फिजाला पाहून ती उठली.

"तुमचा हाय का हा बाबा? कवाचा उभा हाय. दोनदा इचारलं म्या, कुठं जाचं, त म्हणते गाडी गरम होऊन राह्यली."

अलोणी साहेबांनी सरदारला पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर ओळख आली, पण तिला यायला वेळ लागला.

"सरदार," ते म्हणाले.

"हो, साहेब."

"तू इकडं कसा?"

"आलो असाच. चक्कर माराले." सरदार जवळ गेला. त्यानं स्कूटरच्या झाकणावर हात ठेवला. पत्रा कोमट होता. साहेबांचे डोळे एका रस्त्यावरून दुसऱ्या रस्त्यावर जात होते, आणि परत येत होते. तीस वर्षं ते या फाट्यावरून गेले होते. सरदारला त्यांना तिथं तसं उभं पाहवेना. तो म्हणाला, "गाडीनं दगा देल्ला का, साहेब? माह्याच हातून काई राह्यलं असन. आजकाल राहून जाते. चला, दुकानात पाहू."

फिजानं वडिलांकडं पाहिलं. कोलाम बाई स्कूटरकडं पाहत होती. चौघांच्या मधात इंजिन चालू होतं, एकसारखं, एवढंसंही न चुकता. सरदारनं दिलेली सबब अलोणी साहेबांच्या पुढ्यात होती. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं.

त्यांनी ऐकलं. खाली मान घालून, बराच वेळ, नीट ऐकलं. मग हात लांब करून किल्ली फिरवली. इंजिन थांबलं.

"नाही," ते म्हणाले. "गाडीत काही नाही, सरदार. तुझा हात बरोबर आहे. मी उगीच गावभर बोललो."

सरदार काही म्हणणार होता, पण साहेबांनी बोट वर केलं, वाक्य पुरं व्हायचं आहे असं.

"त्या दिवशी ट्रकांपुढंही गाडी चालूच होती. बंद पडली नव्हती. मला घर कोणत्या बाजूला आहे ते आठवत नव्हतं." त्यांनी दोन्ही रस्त्यांकडं पुन्हा एकदा पाहिलं. "आत्ताही आठवत नाही."